मागे राहणारीचं गाऱ्हाणं

"तुम्ही व्हा पुढे, मी आहे मागे."

सुगंधा तळवडेकरने हे वाक्य आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की घाटकोपरच्या भटवाडीत तिच्या गल्लीतली पोरं तिची नक्कल करायला एवढंच वाक्य घ्यायची. लग्नाला निघायचं असो, कुणाला इस्पितळात न्यायचं असो, गावच्या जत्रेसाठी गाडी पकडायची असो. सगळे चपला घालून दारात उभे राहिले की ही ओढणी कमरेला बांधून आत वळायची. गॅस बंद आहे का बघायचं, आईच्या गोळ्या पिशवीत टाकायच्या, खिडकीला कडी घालायची. आणि आतूनच तिचा तो सावकाश आवाज यायचा. पुढे गेलेली माणसं परत येईपर्यंत बऱ्याचदा ही निघालेलीच नसायची. भात मात्र तयार असायचा.

घर डोंगराच्या उतारावर. पायऱ्या चढत जायचं, एका घराच्या पत्र्यावरून दुसऱ्याच्या ओट्यावर. तिच्या बापाने गिरणीत असताना ही जागा घेतली होती. आमच्या तळकोकणातल्या माणसाने मुंबईत खोली घेतली की दोन गोष्टी आधी ठरतात, पाण्याचं पिंप कुठे आणि गणपती कुठे. पिंप दाराशी राहिलं आणि गणपतीला पूर्वेकडची भिंत मिळाली. त्या भिंतीला वर्षभर कुणी पाठ टेकत नसे. गिरणी बंद पडली, बाप वॉचमन झाला, खोकत खोकत गेला, तरी त्या भिंतीचा मान तसाच राहिला.

बापामागे घरात चौघं उरली. आई राधा, सुगंधा, धाकटा भाऊ नंदू आणि नंदूची बायको दर्शना.

नंदू वाईट होता असं गल्लीत कुणी म्हणणार नाही. शुद्धीत असला की तो शेजारच्या म्हातारीचं सिलिंडर पायऱ्यांवरून खांद्यावर घेऊन चढायचा. पण शुद्धीत असणं कमी कमी होत गेलं. टेम्पो चालवायचा, तो सुटला. मग आज इथे, उद्या तिथे. आणि रोज पिणं. मारामारी रोज होत नसे; आज होईल की काय ही धास्ती मात्र रोज असे, आणि माणूस धास्तीनेच जास्त दमतो. तो रात्री केव्हाही घरी येई. दार लगेच उघडलं नाही तर लाथा घाली. आई म्हणायची, माझे गुडघे उठूक देत नाय. दर्शना उठली तर तिच्यावर हात पडायचा. राहिली सुगंधा. "झोपा तुम्ही, मी आहे," म्हणून ती दाराजवळ पाट टाकून भिंतीला डोकं टेकायची. अशी तिची किती वर्षं गेली ते तिने मोजलं नाही. मोजलं असतं तर आणखी दमली असती.

तिलाही स्थळं आली होती. कुडाळकडचं एक चांगलं होतं. पण तेव्हा बाप अंथरुणावर होता आणि नंदू शाळेत. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षीही तेच ठरलं.

आमच्याकडे गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात. घरातल्या मोठ्या पुरुषाने हातात नारळ धरून उभं राहायचं आणि घरातल्या एकेकाचं दुखणंखुपणं मोठ्याने देवाला सांगायचं. बाकीच्यांनी मागे हात जोडून उभं राहायचं, आणि दरेक मागणं संपलं की एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" जे गाऱ्हाण्यात आलं ते देवाच्या पदरात पडलं. ज्याला तोंडाने होय म्हटलं, ते मग माणसाने फिरवायचं नाही.

बाप होता तोवर त्याच्या गाऱ्हाण्यात सुगंधाचं एक मागणं ठरलेलं असे. "माझ्या चेडवाचा लगीन जमांदे, तिका तिच्या मनासारखो घोव गावांदे रे म्हाराजा!" सुगंधा मागे उभी राहून लाजायची, तरी होय म्हणायची. बाप गेल्यावर गाऱ्हाणं घालायला वाकोल्याहून त्याचे चुलतभाऊ शरच्चंद्रकाका येऊ लागले. त्यांचा आवाज मोठा आणि त्यांना त्याचा अभिमानही मोठा. पहिली काही वर्षं त्यांनी लग्नाचं मागणं ठेवलं. मग एका वर्षी ते आलं नाही. त्याच्या जागी काका म्हणाले, "सुगंधाच्या हातांक बळ दी, ह्या घर तिच्या हातार चलता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सुगंधाही म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण कशाला होय म्हटलं. पण तोवर काका नंदूच्या दारूवर आले होते.

नंदूची दारूही दर वर्षी गाऱ्हाण्यात असायची. "ह्याच्या हातातलो गिलास सुटांदे रे म्हाराजा!" आणि सगळ्यांत मोठ्याने होय म्हणायचा तो नंदूच. एकदा देवाला सांगितलं की घर निर्धास्त होई. वर्षभर कुणी त्याबद्दल वेगळं काही करत नसे.

*

सुगंधा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होती. गोळ्यांच्या पट्ट्या बांधून खोक्यात भरायच्या. तिथेही तिचं वाक्य तिच्यासोबत गेलं होतं. दोनदा तिला पाळीची मुख्य करायचं ठरलं आणि दोनदा तिने ते दुसरीला दिलं, कारण मुख्य झालं की घरी जायला उशीर, आणि घरी उशीर करून चालणार नव्हतं. दुसऱ्यांदा ती जागा सपनाला मिळाली. सपनाला काम सुगंधानेच शिकवलं होतं. आता सुट्टी हवी असली की सुगंधा सपनाकडे अर्ज द्यायची, आणि सपना बिचारी लाजून, न वाचताच सही करायची.

आषाढातल्या एका दुपारी सुगंधाला मशीनवर डुलकी लागली. डोळा किती मिटला असेल, पापणी लवण्याइतका. पट्ट्या बंद करणाऱ्या तापलेल्या दांड्याखाली तिच्या उजव्या हाताची बोटं गेली. शेजारच्या मशीनवरच्या रश्मीने धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून बोटं राहिली. कातडी मात्र सोलवटून निघाली.

संध्याकाळी हाताला पांढरं बँडेज बांधून ती घरी आली. आई दारातच बसली होती. तिने बँडेज बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"उजवो हात? अगो बाय माझे! मग भाकऱ्यो कोण थापतला?"

आईने ते दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. गुडघ्यांनी बसवलेली बाई, घरात सून आहे पण तिच्या हातची भाकरी नंदूला चालत नाही आणि तो ताट भिरकावतो, ही भीती आधी तोंडात आली. दुसरं वाक्य "दुखता काय गो?" असंच होतं. पण पहिलं वाक्य सुगंधाच्या कानात जाऊन बसलं होतं. ती डाव्या हाताने पीठ मळायला लागली. दर्शनाने परात ओढून घेतली, म्हणाली, "ताई, सरका. भिरकावू दे ताट. मी उचलीन."

रश्मी मुलुंडला राहायची. नवरा गेलेला, मुलगी सासरी. तिची जीभ तिखट होती आणि डबा त्याहून तिखट. जेवणाच्या सुट्टीत ती सुगंधाला घास कालवून द्यायची, कारण उजवा हात कामाचा नव्हता.

"ऐक ना, आपल्या कंपनीचा नवा विभाग मुलुंडला निघतोय, गणपतीनंतर. साहेब तुला मुख्य म्हणून पाठवायचं म्हणतायत."

"सपना जाऊ दे ना."

"झालं! आता तिसऱ्यांदा 'व्हा पुढे' म्हणालीस ना, तर ही आमटी तुझ्या डोक्यावर ओतीन. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. तिथे राहा. आतून कडी लावायची आणि सकाळीच उघडायची. कुणी लाथ मारणार नाही. मी घोरते, तेवढं सहन कर."

सुगंधा हसली. आतून कडी लावायची आणि सकाळीच उघडायची, हे तिला एखाद्या श्रीमंत माणसाच्या घरातल्या गोष्टीसारखं वाटलं.

"आईला विचारते," ती म्हणाली.

"तू काय शाळेत आहेस, आईची सही आणायला?"

"तसं नाही गं. ती नाही म्हणाली आणि मी गेले, तर तिथे कडी लावूनही मला झोप लागणार नाही. तिच्या तोंडून होय यायला पाहिजे."

तिने आईला विचारलं. कपडे घड्या करताना विचारलं, गुडघ्यांना तेल लावताना विचारलं. आईचं उत्तर एकच.

"बाईल माणूस घर सोडून एकटा रवता, असा आमच्यात खय झालाहा?"

"तूही गाव सोडूनच आलीस ना इथे?"

"मी घोवाच्या मागसून इलंय. तू कोणाच्या मागसून जातंस?" आणि पाय आखडून घेत ती म्हणाली, "माझ्या तोंडातून होय येवचा नाय. परत विचारू नको."

मुलुंड घाटकोपरहून किती लांब? बसने गेलं तर एक डुलकी होते. तिची आई डोकीवर बोचकं घेऊन त्याच्या कितीतरी पट वाट तुडवून मुंबईला आली होती. पण तेव्हा पुढे कुणीतरी चालत होतं. सुगंधाच्या पुढे कुणी नव्हतं.

*

गणपतीच्या आधीच्या रविवारी ती वाकोल्याला गेली. शरच्चंद्रकाका बाहेर बाकड्यावर बनियन घालून बसले होते आणि एका पोराला तबल्यावर ठेका कसा धरावा ते सांगत होते. सुगंधाला बघून त्यांनी पोराला हाकललं.

"काय गो, आज एकटाच? आणि ह्या हाताचा काय करून घेतलंस?"

"तुम्ही बळ मागितलंत ना हातांना, काका. जास्त झालं."

काका हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. तिने त्यांना सगळं सांगितलं. मुलुंड, खोली, आईचं नाही. मग म्हणाली, "या वर्षी गाऱ्हाण्यात माझं एवढं घाला. सुगंधा घर सोडून जातेय, तिचं भलं कर."

"खुळी काय गो तू? गाऱ्हाण्यात माणसा जोडतत. तोडूची नाय."

"माझ्या लग्नाचं मागणं तुम्ही काढलंत, तेव्हा काय जोडलंत?"

काकांनी बाकड्याच्या कडेवर बोटं वाजवली. तबल्याचा ठेका नव्हता तो. मग ते म्हणाले, "माका वाटला, चार लोकांत दर वर्षी ताच ऐकून तुका लाज वाटात. तुझ्यासाठीच काढलंय."

"मला विचारलं होतंत?"

"नाय."

"आणि काढलंत तर काढलंत. त्या जागी माझे हात का घातलेत?"

म्हातारा उठून आत गेला, तिच्यासाठी चहा घेऊन आला, बशी तिच्या डाव्या हाताला सोपी पडेल अशी धरली. ती निघाली तेव्हा म्हणाला, "मी कबूल करनय नाय. त्या टायमाक देव तोंडात काय घालतलो ता बोलतलंय."

चतुर्थीला घर भरलं. काका आले, त्यांची मंडळी आली, खालच्या गल्लीतले दोघंतिघं आले. दारू गणपतीत घरात येत नसे, एवढा नियम नंदू अजून पाळत होता. त्याचे डोळे लाल होते, हात थरथरत होते, पण आरतीत झांज त्यानेच वाजवली. आरती संपली. काकांनी नारळ हातात घेतला, डोक्यावर टोपी नीट केली आणि छाती भरून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या डोंगरारच्या खोलयेत तू पावणो होवन इलंस. तुझ्या लेकरांनी वेडावाकडा केल्यानी ता गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"राधावयनीच्या गुडघ्यांक आराम पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या नंदूच्या हातातलो गिलास सुटांदे, त्येका कामधंदो गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नंदू सगळ्यांच्या वर.

"दर्शनाच्या घरात पाळणो हलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काका थांबले. त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग पूर्वीच्याच चालीत, पूर्वीच्याच आवाजात, श्वास न तोडता म्हणाले,

"आणि ह्या घराची थोरली लेक सुगंधा, आजपर्यंत सगळ्यांच्या मागे उभी रवली. आता ती ह्या घर सोडून आपल्या वाटेन भायर पडता. तिच्या वाटेत जा काय आडा येयत, ता बाजूक कर, आणि तिका सुखाची झोप दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी खोली म्हणाली. इतक्या वर्षांची सवय. चाल तिथे येऊन थांबली की जीभ आपोआप वळायची. नंदू म्हणाला, दर्शना म्हणाली, खालच्या गल्लीतले म्हणाले. आई म्हणाली. सुगंधा आईच्या शेजारीच उभी होती आणि तिने तो आवाज नीट ऐकला.

मग हळूहळू खोलीला उमज पडला. काकांनी वेळ न घालवता नारळ फोडला.

"काय बोललांत काका?" नंदू म्हणाला. "कोण भायर पडता?"

"मी काय बोललंय ता रवांदे. तू काय बोललंस?"

"मी... सगळे म्हणाले म्हणून..."

"देवासमोर बोललंस. आता माका विचारू नको."

आईचे हात अजून जोडलेलेच होते. ती सुगंधाकडे वळली. "माका फसवलंस गो," असं पुटपुटली. सुगंधाला वाटलं होतं की आईच्या तोंडून होय ऐकलं की आपल्याला हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

आई पाच दिवस तिच्याशी बोलली नाही. पण कुणी पाहुणा आडून विचारायला लागला, "वयनी, काय ता गाऱ्हाण्यात...", तर ती त्यालाच म्हणायची, "बोललंय ता बोललंय. फिरवूचा नाय." आणि तोंड फिरवायची.

गणपती उठवतात त्या दिवशी घर रिकामं ठेवत नाहीत. देवाच्या मोकळ्या जागी समई तेवत ठेवायची आणि घरातल्या कुणीतरी तिच्याजवळ बसायचं. इतकी वर्षं ते कुणाचं काम होतं, सांगायला नको. त्या संध्याकाळी मूर्ती दारातून बाहेर पडली, नंदूच्या डोक्यावर पाट होता, ताशा पायऱ्यांवर वाजत होता, आणि सुगंधाने समईत तेल घालून तोंड उघडलं. ती काही म्हणायच्या आत आई भिंतीला धरून आली आणि समईजवळ फतकल मारून बसली.

"मी रवतंय. तू जा."

पाच दिवसांतले ते तिचे सुगंधाशी पहिले शब्द.

सुगंधाने गणपती पाण्यात जाताना कधी बघितला नव्हता. पवईच्या तलावावर गर्दी होती, दिवे होते, निर्माल्याचा ओला वास होता. नंदू कमरेइतक्या पाण्यात गेला. मूर्ती एकदा खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, तिसऱ्यांदा वर आलीच नाही. सगळे ओरडले. सुगंधा काठावरच्या पायरीवर बसली होती, आरतीचं ताट मांडीवर. नंदू पाटावर तळातली वाळू घेऊन परत आला तेव्हा ती बसल्या बसल्या झोपली होती. एवढ्या ताशांत.

"उठवू नका," दर्शना नंदूला म्हणाली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याला असं काही सांगितलं. नंदू ओला उभा राहिला. बराच वेळ राहिला.

*

दोन दिवसांनी सकाळी सुगंधा निघाली. एक बॅग आणि एक पिशवी. पिशवीत आईने न सांगता कुळथाच्या पिठाची पुडी टाकली होती. सुगंधाने ती बघितली आणि बघितली नाही असं दाखवलं. आई अंथरुणावरच होती, तोंड भिंतीकडे. सुगंधा वाकून पाया पडली. गुडघ्यांवरून एकदा हात फिरवला. आईने पाय आखडून घेतले नाहीत.

नंदू दारात बसला होता. गणपती उठल्यावर ग्लास परत हातात आला होता. तोंडाला वास होता. "ताई," तो म्हणाला, "मग दार कोण उघडणार?"

यापेक्षा दुसरं काही तो म्हणाला असता तर कदाचित तिचा पाय अडला असता.

"चावी बनवून घे, नंदू. नाक्यावर चावीवाला बसतो."

दर्शना पिशवी घेऊन पायऱ्यांच्या टोकापर्यंत आली. खाली रस्ता दिसत होता, रिक्षा दिसत होत्या. तिने पिशवी सुगंधाच्या डाव्या हातात दिली. उजव्या हाताच्या बोटांवर नवी गुलाबी कातडी धरली होती.

"मी आहे इथे, ताई," दर्शना म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

सुगंधा चार पायऱ्या उतरली होती. ती थांबली. बॅग खाली ठेवली आणि वळून वर बघितलं.

"ते म्हणू नकोस गं."

"मग काय म्हणू?"

"म्हण, येते मागून."

दर्शनाने मागे घराकडे बघितलं. दारात नंदू, आत भिंतीकडे तोंड केलेली सासू. तिच्या तोंडातून आवाज आला नाही, नुसते ओठ हलले. ते सुगंधाला पुरलं की नाही, कोण जाणे. तिने बॅग खांद्याला अडकवली आणि ती उतरायला लागली, सावकाश, भिंतीला हात लावत, कारण पायऱ्या शेवाळल्या होत्या. वळणावर ती दिसेनाशी झाली, खालच्या पत्र्यापलीकडे पुन्हा दिसली, मग रिक्षांच्या मागे गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

दर्शना पायऱ्यांच्या टोकावर उभी होती. घरातून सासूने हाक मारली, मग नंदूने मारली. तरी ती उभीच राहिली, ओढणी कमरेला न बांधता, खालच्या रस्त्याकडे बघत.